कोपऱ्याची जाडी

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'नभांग' कारखान्यात विमानांच्या पंखांच्या आतल्या बरगड्या बनत. उज्ज्वला खैरनारने तिथे एकोणतीस वर्षं काढली, त्यातली सव्वीस एकाच टेबलापाशी. त्या टेबलाला कागदोपत्री काहीतरी लांबलचक नाव होतं. सगळे नुसतं 'ताईंचं टेबल' म्हणत.

पत्र्याला आकार द्यायची तिथली जुनी रीत साधी होती. खाली पोलादाचा साचा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि वर, दुसऱ्या साच्याच्या जागी, जाड रबराचा पडदा. पडद्याच्या मागे तेल भरायचं आणि पंपाने त्याचा दाब हवेच्या दाबाच्या आठशे पट चढवायचा. तेल सगळीकडे सारखं दाबतं. त्यामुळे रबर पत्र्याला प्रत्येक खाचेत, प्रत्येक वळणात ढकलतं आणि उकडीची पारी मोदकाच्या साच्यात अंगठ्याने बसवावी तसा पत्रा साच्याला बिलगतो.

पण धातू उकडीइतका मऊ स्वभावाचा नसतो. दाब काढला की तो थोडा मागे फिरतो. किती फिरेल ते पत्र्यागणिक वेगळं. तो कोणत्या दिशेने लाटला गेला, भट्टीतून निघाल्यावर किती तास झाले, शीतकपाटात किती वेळ पडून होता, यावर ते ठरतं. म्हणून प्रेसमधून निघालेली प्रत्येक बरगडी उज्ज्वलाच्या टेबलावर यायची. नायलॉनचा हातोडा, लाकडी ठोकळा आणि दोन हात, एवढ्यावर ती बरगडीला शेवटचा आकार द्यायची. अर्ध्या मिलिमीटरचा फरक तिला बोटांच्या पेरांनी कळायचा. त्या कामाने तिचा उजवा कान जवळजवळ गेला होता आणि थंडीत बोटांची टोकं पांढरीफटक पडून बधिर व्हायची. तिने कधी तक्रार केली नाही. तो तिचा माज होता म्हणा ना.

धाकटी बहीण मेघना तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. वडील निफाडला भांड्यांचे पोचे काढायचं दुकान चालवत. ते अचानक गेले तेव्हा उज्ज्वला सतरा वर्षांची होती. तिने आयटीआयला पत्राकामाला नाव घातलं आणि घर उभं ठेवलं. मेघना शिकत गेली, परदेशात डॉक्टरेट करून आली. "थोरलीच्या हातोड्यावर शिकली हो," असं नातेवाईक प्रत्येक लग्नात म्हणत. उज्ज्वलाच्या तोंडून ते कधी निघालं नाही, पण तिने ते कधी थांबवलंही नाही. मेघनाने ते इतक्यांदा ऐकलं की बहिणीबद्दल तिच्या मनात जे काही गोड होतं ते आंबून गेलं.

आणि नेमकी हीच मेघना नभांगमध्ये संशोधन विभागाची प्रमुख म्हणून आली. तीन वर्षांत तिने 'स्पर्शपटल' तयार केलं.

वरवर पाहता तोही एक रबरी पडदाच होता. पण त्याच्या अंगात केसाहून बारीक असे चाळीस हजार तंतू विणलेले होते आणि पत्रा कुठे किती वाकला आहे हे ते क्षणोक्षणी सांगत. पडद्यामागे तेलाची एक मोठी पोकळी नव्हती. अंगठ्याएवढे शेकडो कप्पे होते आणि त्यांत चुंबकाच्या प्रभावाने डोळ्याचं पातं लवायच्या आत घट्ट होणारा द्रव होता. त्यामुळे हे पटल एका जागी जोर लावत असतानाच बोटभर अंतरावर नुसतं टेकून राहू शकत होतं. पत्रा किती मागे फिरेल याचा अंदाज घेऊन ते तेवढाच जास्त वाकवत होतं. मात्र कुठे, कधी, किती जोर लावायचा याची गणितं अर्ध्या वाटेवरच थांबत होती. उरलेली वाट कुणाच्या तरी हाताकडून शिकायची होती.

उद्घाटनाच्या दिवशी सगळे कामगार शेडमध्ये जमले. मेघना बोलायला उभी राहिली. शेवटी तिने उज्ज्वलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या बहिणीचं आयुष्य ज्या कामात गेलं, तिचा कान ज्या कामाने खाल्ला, ते काम यापुढे कुठल्याही माणसाला करावं लागू नये, म्हणून हे यंत्र."

टाळ्या झाल्या. उज्ज्वलाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिच्या एकोणतीस वर्षांचा बहिणीने चारचौघांत एक आजार करून टाकला होता.

त्यानंतर आठ दिवसांनी व्यवस्थापक साळुंके यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर राखाडी रंगाच्या दस्तान्यांची जोडी होती. ते घालून काम करायचं, हाताची प्रत्येक हालचाल आणि प्रत्येक दाब टिपला जाईल, त्यावरून पटल शिकेल, असं त्यांनी सांगितलं. नको म्हटलं तर काय, असं तिने विचारलं. टेबल बंद होणारच आहे, शिकवलंत तर सन्मानाने बंद होईल, असं साळुंके म्हणाले. ते तिच्याकडे न बघता बोलत होते.

सात महिने तिने ते दस्ताने घातले.

पंखाच्या मुळाशी येणाऱ्या बरगडीला एक आत वळलेला कोपरा असतो. सगळ्यात कठीण जागा तीच. तिथे पत्रा ताणला जातो. आधी दोन्ही बाजूंचा पत्रा सैल सोडायचा, तो हळूहळू कोपऱ्याकडे सरकू द्यायचा आणि मग कोपरा बसवायचा, म्हणजे जाडी टिकते. उलट केलं, म्हणजे बाजू आधी घट्ट धरल्या आणि मग कोपरा दाबला, तर कोपऱ्याला बाहेरून पत्रा मिळत नाही. तो स्वतःच्याच अंगातून ताणला जातो. आकार हुबेहूब तोच येतो, पण कोपरा आतून पातळ होतो. डोळ्याला दिसत नाही, लेझरलाही दिसत नाही. वर्षभर पंख हलत राहिला की मात्र तिथेच तडा जातो.

उज्ज्वलाने दस्तान्यांना कोपरा उलट्या क्रमाने शिकवला.

शिकवणीतले भाग विमानात बसणारे नव्हते. त्यांचा फक्त आकार मोजला जाई आणि ते भंगारात जात, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. तिचा बेतही सरळ होता. तिच्या टेबलावरून निघणाऱ्या प्रत्येक बरगडीच्या कोपऱ्याला ती किंवा शेजारचा रऊफ मुलाणी जाडी मोजायचा गेज लावत. यंत्राच्या पहिल्याच बरगड्या या गेजवर नापास होतील, महिनोन्‌महिने कुणाला कारण सापडणार नाही आणि मेघना सगळ्यांसमोर तोंडावर आपटेल. एवढंच तिला हवं होतं. त्यापुढचा विचार तिने केला नाही.

दिवाळीच्या आधी टेबल बंद झालं. उज्ज्वलाला शाल आणि श्रीफळ मिळालं. रऊफला पॅकिंगला धाडलं. ती घरी बसून यंत्राच्या फजितीच्या बातमीची वाट पाहू लागली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, वाट पाहायला वेळच वेळ होता.

फजितीची बातमी आली नाही. 'टिटवी' नावाची छोटी विजेवर चालणारी रुग्णविमानं सुरू झाल्याची बातमी आली. पेठ, सुरगाणा, अक्कलकुवा इथल्या माळरानांवरून ती रुग्णांना उचलून नाशिकला, धुळ्याला आणू लागली. त्यांच्या पंखांत नभांगच्या बरगड्या होत्या. वर्तमानपत्रात मेघनाचा फोटो आला. उज्ज्वलाने ठरवून टाकलं की यंत्राने तिची चूक ओळखली आणि आपली आपणच सुधारली. इतक्या वर्षांच्या हाताला त्याने कोललं. तिचं जेवणावरून मन उडालं. बहिणीचा फोन ती उचलेना, आणि पुढे पुढे फोनही येईनासा झाला.

सव्वा वर्षाने तिला आठवडी बाजारात रऊफ भेटला. मेथीची जुडी निवडता निवडता त्याने कारखान्यातल्या चार गोष्टी सांगितल्या. ऐकायची इच्छा नव्हती तरी तिने विचारलं, "कोपऱ्याला गेज कोण लावतं आता?"

"कोण लावणार? गेज तुमच्याच खणात राहिला," रऊफ म्हणाला. "साळुंके म्हणाले, पटल स्वतःच मोजतं."

"पटल आकार मोजतं, रऊफ. जाडी नाही."

"मी काय सांगणार त्यांना? कागदावर कुठं लिहिलं होतं का? आपण लावायचो म्हणून लावायचो."

उज्ज्वलाने पिशवी खाली ठेवली. त्या गेजची तपासणी कुठल्याच नियमात नव्हती. ती फक्त तिची आणि रऊफची सवय होती, आणि टेबलाबरोबर तीही गेली होती. यंत्राने चूक सुधारली नव्हती. सुधारणार कशी? त्याच्या लेखी बरोबर म्हणजे उज्ज्वलाचा हात. प्रत्येक बरगडी ते तिच्या बरगडीशी ताडून पाहत होतं आणि उत्तम म्हणून पुढे पाठवत होतं. बासष्ट विमानं उडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नाशिकला मेघनाच्या घरी गेली. मेघनाने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. उज्ज्वलाने उंबऱ्यातच सगळं सांगितलं. मेघना ऐकत राहिली आणि मग थंडपणे हसली.

"वर्षभर वाट पाहिलीस ना काहीतरी बिघडायची? नाही बिघडलं. म्हणून आता ही गोष्ट."

"एक बरगडी काप," उज्ज्वला म्हणाली. "कोपऱ्यात काप आणि मोज."

मेघनाने दार लावून घेतलं. पण त्याच दुपारी तिने गोदामातली एक बरगडी काढून कापली. कोपऱ्यावर जाडी कमीत कमी दीड मिलिमीटर हवी होती. ती एक पूर्णांक बारा शतांश भरली. तिने आणखी तीन कापल्या. सगळ्या तशाच.

संध्याकाळी तिने उज्ज्वलाला कारखान्यात बोलावून घेतलं. साळुंकेही होते. कापलेल्या चार बरगड्या टेबलावर मांडलेल्या होत्या.

"तू माणसं मारायला निघाली होतीस," मेघना म्हणाली.

"मी तुला पाडायला निघाले होते."

"त्या विमानांत माणसं बसतात, ताई."

साळुंके मधे पडले. झालं ते झालं, अजून कुठे तडा गेलेला नाही, वार्षिक दुरुस्तीला विमानं येतील तेव्हा एकेक करून बरगड्या गुपचूप बदलू, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळी विमानं एकदम उतरवली तर कारखाना बंद पडेल, चारशे माणसं घरी बसतील आणि तिकडे डोंगरातले रुग्णही मरतील. मेघनाने दोन दिवस मागून घेतले.

तिसऱ्या दिवशी तिने सांगितलं की गणिताप्रमाणे पहिला तडा दोन हजार उड्डाणांनंतर जाईल. सगळ्यात जास्त उडालेल्या टिटवीची तेराशे झाली आहेत. वेळ आहे.

उज्ज्वलाने विचारलं, "गणित कशावरून केलंस?"

"पटलाच्या नोंदींवरून. दुसरं काय आहे माझ्याकडे?"

"मग ते माझ्याच हाताला विचारल्यासारखं झालं. आणि माझा हात खोटं बोललाय."

मेघनाचा चेहरा उतरला. तरी ती म्हणाली की निर्णय झालेला आहे. पाच वर्षं तिने या यंत्राखेरीज दुसरा विचार केला नव्हता. त्या क्षणी ती यंत्राच्या बाजूने होती आणि ते तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. उज्ज्वलाला एका बाजूने तिची कीव आली आणि दुसऱ्या बाजूने, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं. ही पण माझ्यासारखीच निघाली.

घरी येऊन तिने विमान सुरक्षा कार्यालयाला पत्र लिहिलं. चार पानं. दस्ताने, कोपरा, क्रम, गेज, सगळं क्रमाने. स्वतःचं काही लपवलं नाही आणि दुसऱ्या कुणाचंही झाकलं नाही. साळुंक्यांचा बेत त्यात होता. मेघनाचं गणितही होतं. पत्र स्वतः नेऊन दिलं आणि पोच घेतली.

चौथ्या दिवशी राज्यातल्या सगळ्या टिटव्या जमिनीवर आल्या.

मग जे सुरू झालं ते उज्ज्वलाने आयुष्यात पाहिलं नव्हतं. नभांगला टाळं लागलं. तिच्यावर घातपाताचा गुन्हा दाखल झाला. अटक झाली, जामीनही झाला. गल्लीतल्या बायका नळावर ती आली की हंडे उचलून निघून जात. एका सकाळी तिच्या दारात कुणीतरी गोणीभर भंगार बरगड्या ओतून गेलं. दार उघडताना त्या खणखणत घरात घुसल्या. तिने त्या एकेक करून उचलल्या आणि सवयीने कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. रऊफ रस्त्यात दिसला. त्याने मान फिरवली नाही, थांबला आणि म्हणाला, "अठरा वर्षं तुमच्या शेजारी उभा होतो मी. मला ओळखू आलं नाही." पुन्हा तो तिच्याशी बोलला नाही.

तपासणीत बासष्टपैकी नऊ विमानांच्या बरगड्यांना तडे सापडले. सुरगाण्याच्या विमानाचा तडा बोटभर लांब होता आणि त्याची उड्डाणं झाली होती फक्त नऊशे चाळीस. मेघनाचं दोन हजारांचं गणित साफ खोटं पडलं होतं.

पण विमानं उतरल्याच्या सातव्या दिवशी सुरगाण्याजवळच्या आश्रमशाळेत यशोदा भोये नावाच्या स्वयंपाकिणीला साप चावला. टिटवी नव्हती. तिला जीपमध्ये घालून नाशिकला आणत होते, वणीच्या पुढे तिने मान टाकली. टिटवी उडाली असती तर ती कदाचित वाचली असती. कदाचित ते तडा गेलेलं विमानच तिच्यासकट कोसळलं असतं. हे सांगणार कोण? वर्तमानपत्रांनी यशोदाचा फोटो छापला आणि त्याच्याखाली उज्ज्वलाचं नाव.

चौकशी अधिकारी एक करड्या केसांच्या, फार कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांच्यासमोर मेघनाने साक्ष दिली. बहिणीची एकही गोष्ट तिने सौम्य केली नाही. स्वतःचीही नाही. गेजची तपासणी आपण विचारूनसुद्धा घेतली नाही, कोपरे पातळ आहेत हे माहीत असताना आपण दोन दिवस मागितले, हेही तिने सांगितलं. पटलाची सगळी शिकवण पुसून टाकायचा आदेश निघाला. तिच्या पाच वर्षांची पाटी एका दुपारी कोरी झाली. बाहेर व्हरांड्यात दोघी बहिणी समोरासमोर आल्या.

"ती बाई तुझ्यामुळे गेली," मेघना म्हणाली.

"हो."

"तू पत्र लिहिलंस म्हणून मी तुला माफ करीन असं समजू नकोस."

"मी मागितलेली नाही," उज्ज्वला म्हणाली.

आता प्रश्न उरला विमानांचा. डोंगरातल्या गावांचे मोर्चे नाशिकला यायला लागले होते. प्रत्येक विमानात कोपऱ्याच्या चार बरगड्या, बासष्ट विमानांच्या दोनशे अठ्ठेचाळीस. पटल कोरं होतं, त्याला पुन्हा शिकवायला वर्ष लागणार. जुनी रबरी प्रेस मागच्या शेडमध्ये धूळ खात होती. तिच्यावर बरगड्या दाबता येत होत्या, पण कोपरा हातानेच बसवावा लागणार होता आणि तो बसवणारी माणसं होती दोनच. रऊफने दहा करून पाहिल्या आणि त्यांतल्या सहा चिरल्या. त्याने स्वतःच अधिकाऱ्यांना सांगितलं की हे मला जमणार नाही, जिला जमतं तिचं नाव तुम्हाला माहीत आहे.

अधिकारीबाईंनी दोन दिवस विचार केला. मग लेखी परवानगी दिली. उज्ज्वलाने पोलिसांच्या नजरेखाली काम करायचं, प्रत्येक बरगडीचा कोपरा पाच जागी मोजायचा आणि मोजणी मेघनाने स्वतः करायची. बरगडी बरोबर निघाली तर दोघींनी सही करायची. खटला आपल्या वाटेने चालेल, या कामाची त्यात सवलत मिळणार नाही. उज्ज्वला हो म्हणाली. मेघनाला कुणी विचारलंच नाही.

पहिल्या दिवशी उज्ज्वला टेबलापाशी गेली तेव्हा समोरच्या भिंतीवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला, यशोदा भोयेचा वर्तमानपत्रातला फोटो चिकटवलेला होता. चिकटवणारी टेबलाच्या पलीकडे गेज घेऊन उभी होती. उज्ज्वलाने फोटोकडे पाहिलं. काढला नाही. हातोडा उचलला.

दिवसाला सात बरगड्या व्हायच्या. शेडमध्ये दुसरं कुणी त्यांच्याशी बोलत नसे. दारात हवालदार स्टुलावर बसलेला असायचा. रऊफ प्रेस चालवायचा, दाबलेली बरगडी टेबलाच्या कडेला ठेवून निघून जायचा. उज्ज्वला ती घ्यायची, बाजू सैल सोडून पत्रा कोपऱ्याकडे आणायची, घाव घालायची, फिरवायची, पुन्हा घालायची. मग पलीकडे सरकवायची. मेघना गेज टेकवायची आणि आकडा म्हणायची. एक पूर्णांक छपन्न. एक पूर्णांक त्रेपन्न. उज्ज्वलाच्या उजव्या कानाला ऐकू येत नसे म्हणून मेघनाला तिच्या डाव्या बाजूला येऊन उभं राहावं लागे. दिवसभरात दोघींमध्ये या आकड्यांखेरीज शब्द नसे.

पहिल्या आठवड्यात मेघनाने चौदा बरगड्या नापास केल्या. त्यांतल्या दोन उज्ज्वलाच्या मते बरोबर होत्या. ती तसं म्हणाली. मेघनाने गेज पुन्हा टेकवून आकडा दाखवला आणि बरगडी भंगाराच्या पेटीत टाकली. तिसऱ्या आठवड्यात नापास झाल्या तीन.

उज्ज्वलाला वाटलं होतं की बहिणीच्या नजरेखाली आपला हात कापेल. झालं उलटंच. इतकी वर्षं तिच्या कामाकडे सगळे कौतुकाने पाहत आले होते, आणि कौतुकाने पाहणाऱ्याला फारसं काही दिसत नाही. मेघना वैऱ्यासारखी पाहत होती आणि तिला सगळं दिसत होतं. मनगट कुठे दुखतं, कुठल्या घावाला श्वास रोखला जातो, दुपारनंतर डावा हात किती ढिला पडतो. एकदा तिने न मोजताच सांगितलं की ही कमी भरेल. भरलीही.

तिसाव्या दिवशी चहाच्या सुट्टीत मेघना अचानक बोलली.

"दस्तान्यांना उलटं शिकवताना तुझा हात अडला नाही कधी?"

उज्ज्वला म्हणाली, "पहिले चार दिवस वळेना. घरी जाऊन ताटलीवर सराव केला."

मेघनाने कप खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर किळस होती आणि ती तिने लपवली नाही. "सराव केलास," ती पुन्हा म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती आकडेसुद्धा बोलेना. गेजची काच उज्ज्वलाच्या समोर धरायची आणि बाजूला घ्यायची.

एकेचाळिसाव्या दिवशी शेवटची बरगडी टेबलावर आली. बाहेर अंगणात माल न्यायला गाडी उभी होती. सुरगाण्याच्या विमानाला तेवढी एकच हवी होती. ती मिळाली की ते दुसऱ्या दिवशी सकाळी उडणार होतं. अधिकारीबाई स्वतः आल्या होत्या. साळुंके दाराशी घुटमळत होते. पंधरा दिवसांनी न्यायालयात उज्ज्वलाची तारीख होती आणि वकिलाने तिला सांगून ठेवलं होतं की तुरुंग टळणार नाही, फक्त किती वर्षं ते बघायचं.

तिने कोपरा बसवला. बोटांची टोकं पांढरी पडली होती, पेरांना काही कळत नव्हतं. तिने बरगडी पलीकडे सरकवली. मेघनाने पाच जागी गेज लावला. चार जागी ठीक होतं. पाचव्या जागी ती थांबली, पुन्हा लावला, आणि काच सगळ्यांना दिसेल अशी धरली. एक पूर्णांक एकोणपन्नास.

साळुंके म्हणाले की एका शतांशाने काय होतंय. अधिकारीबाईंनीही गेजकडे बघून सांगितलं की या उपकरणाचीच चूक दोन शतांशांपर्यंत धरतात, नियमाने ही स्वीकारता येईल, निर्णय मोजणाऱ्याचा. सगळे मेघनाकडे बघू लागले. गाडीच्या चालकाने बाहेर इंजिन सुरू केलं होतं.

मेघनाने बहिणीकडे पाहिलं. उज्ज्वला बधिर बोटं चोळत होती.

"नाही," मेघना म्हणाली आणि बरगडी भंगाराच्या पेटीत टाकली.

साळुंके काहीतरी पुटपुटत बाहेर गेले. चालकाने इंजिन बंद केलं. उज्ज्वला शीतकपाटापाशी गेली, नवा पत्रा काढला आणि रऊफच्या हातात दिला. मग परत येऊन दोन्ही हात काखेत घालून ऊब देत टेबलापाशी उभी राहिली. मेघना तिच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि दोघी प्रेसकडे बघत थांबल्या.